घरबसल्या कमाई: आधी विचारा, पैसे देणार कोण?

घरी राहून चार पैसे मिळवावेत, ही इच्छा साधी आणि योग्य आहे. पण काम देणाराच तुमच्याकडे पैसे मागू लागला, तर तिथेच थांबायला हवे. नोएडातील एका कंपनीचे प्रकरण हेच सांगते.

‘घरबसल्या महिन्याला तीस हजार कमवा. शिक्षणाची अट नाही. गृहिणी, विद्यार्थी, निवृत्त, कुणीही चालेल.’ दिल्लीत मेट्रोच्या खांबांवर, बसथांब्यांवर आणि बाजाराच्या भिंतींवर अशी पत्रके चिकटवलेली दिसतात. हीच जाहिरात आता मोबाइलवरही येते. फरक इतकाच की, पत्रकावरच्या नंबरवर आपण फोन करायचो आणि मोबाइलवर समोरची व्यक्तीच आधी बोलते. ‘नमस्कार मॅडम, मी अमुक कंपनीच्या एच.आर. विभागातून बोलते आहे. रोज तासभर वेळ देऊ शकाल का?’

असल्या जाहिरातींना भुलणारे लोक लोभीच असतात, असे म्हणून चालणार नाही. दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुडगाव, फरिदाबाद या पट्ट्यात घर चालवणे किती कठीण आहे, हे इथे राहणाऱ्यालाच कळते. घरभाडे, शाळेची फी, शाळेच्या बसचे भाडे आणि विजेचे बिल भरता भरता पगार संपतो. घर नोएडात आणि ऑफिस गुडगावात असेल, तर जाण्यायेण्यातच रोजचे तीन तास मोडतात. लग्नानंतर पुण्याहून किंवा नागपूरहून इथे आलेल्या मुलीजवळ पदवी असते, पूर्वीच्या नोकरीचा अनुभव असतो, पण लहान मुलाला सांभाळायला सासू किंवा आई जवळ नसते. घरात बसून काही काम मिळाले तर बरे, असे तिला वाटले तर त्यात चूक काय? निवृत्त झालेल्या काकांनाही आपण अजून मिळवते आहोत, याचे समाधान हवे असते.

फसवणारे नेमकी हीच गरज हेरतात. ते ‘झटपट श्रीमंत व्हा’ असे म्हणत नाहीत, ‘थोडेसे काम करा, सन्मानाने कमवा’ असे म्हणतात. म्हणून लॉटरीच्या नावाने सावध होणारी गृहिणीही इथे फसते.

पाच रुपयांची एक क्लिक

दिल्लीला लागूनच असलेल्या नोएडात, सेक्टर ६३ मध्ये एब्लेझ इन्फो सोल्युशन्स नावाची कंपनी होती. तिच्या योजनेचे नाव होते ‘सोशल ट्रेड’. काम ऐकून कुणालाही हसू आले असते. संगणकावर किंवा मोबाइलवर रोज काही लिंक उघडायच्या, त्यांवर क्लिक करायचे आणि प्रत्येक क्लिकमागे पाच रुपये मिळवायचे. ना विक्री, ना वणवण, ना साहेबाची बोलणी. स्वयंपाक आटोपल्यावर तासाभरात होण्यासारखे काम.

मात्र हे काम मिळवण्यासाठी आधी सभासद व्हावे लागे. सभासदत्वाचे दर ५,७५० रुपयांपासून ५७,५०० रुपयांपर्यंत होते. सगळ्यात मोठ्या रकमेचा सभासद झालात, तर दिवसाला १२५ क्लिक मिळत. पाच रुपयांप्रमाणे त्याचे ६२५ रुपये झाले. हिशेब करून पाहा, कामाच्या ९२ दिवसांत भरलेले सगळे पैसे वसूल आणि पुढचा सगळा नफा! शिवाय आणखी दोन सभासद आणून दिले, तर कमाई वाढणार होती.

या आकड्यांत आणखी एक गंमत दडलेली आहे. त्या वेळी सेवाकर १५ टक्के होता. ५०,००० रुपयांवर १५ टक्के धरले की बरोबर ५७,५०० होतात आणि ५,००० वर धरले की ५,७५०. आकड्यातच कर बसवलेला, कंपनी नोंदणीकृत, मोठे ऑफिस, बँकेत खाती. सर्वसामान्य माणूस आणखी काय तपासणार? सरकारला कर देणारी कंपनी खोटी कशी असेल, असेच त्याला वाटले असणार.

फेब्रुवारी २०१७ च्या सुरुवातीला उत्तर प्रदेश पोलिसांच्या एसटीएफ म्हणजे विशेष कृती दलाने कंपनीचा संचालक अनुभव मित्तल आणि त्याच्या दोन साथीदारांना अटक केली. मित्तल इंजिनियर होता आणि तिशीही ओलांडलेला नव्हता. पोलिसांच्या सांगण्यानुसार सुमारे साडेसहा लाख लोकांकडून जवळजवळ ३,७०० कोटी रुपये गोळा झाले होते. सरासरी काढली तर माणशी छप्पन-सत्तावन्न हजार रुपये येतात. पुढे सक्तवसुली संचालनालयानेही या प्रकरणात तपास केला.

पोलिसांचे म्हणणे थोडक्यात असे होते: बाहेरचे जाहिरातदार येतात, क्लिकचे पैसे देतात आणि त्यातून सभासदांना वाटा मिळतो, हे चित्र खोटे होते. नव्या सभासदांनी भरलेल्या पैशांतूनच जुन्या सभासदांना क्लिकचे पैसे दिले जात होते. म्हणजे ज्याला सगळे ‘काम’ समजत होते, ते काम नव्हतेच. त्या क्लिकची कुणाला गरजच नव्हती.

मुंबईने आधीच पाहिलेले नाटक

हा प्रकार देशात पहिल्यांदा घडला, असेही नाही. त्याच्या सहा वर्षे आधी महाराष्ट्रात ‘स्पीक एशिया’ हे नाव घराघरांत पोहोचले होते. सिंगापूरमध्ये नोंदलेली ही कंपनी लोकांकडून ऑनलाइन सर्वेक्षणे भरून घेत असे. तुम्ही कोणता साबण वापरता, कोणता मोबाइल आवडतो, असे प्रश्न असत. वर्षाचे ११,००० रुपये भरले की आठवड्याला दोन सर्वेक्षणे मिळत आणि त्यांचे एक हजार रुपये. म्हणजे अकरा हजारांचे वर्षाला बावन्न हजार!

२०११ मध्ये ही कंपनी वादात सापडली. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवून तपास सुरू केला. देशभरातले सुमारे २४ लाख लोक आणि दोन हजार कोटींहून अधिक रुपये यात गुंतल्याचे पोलिसांनी सांगितले. नोव्हेंबर २०१३ मध्ये या प्रकरणातल्या एका प्रमुख आरोपीला दिल्ली पोलिसांनी पकडले, तेव्हा हे नाव पुन्हा वर्तमानपत्रांत आले.

या प्रकरणात एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. कंपनीवर कारवाई सुरू झाल्यावर पैसे अडकलेल्या सभासदांनी कंपनीला शिव्या द्यायला हव्या होत्या. पण कित्येक सभासद कंपनीच्या बाजूने उभे राहिले. ‘कंपनी पैसे देत होती, सरकारनेच बंद पाडली,’ असे त्यांचे म्हणणे होते. सभासदांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि न्यायालयाने माजी सरन्यायाधीश आर. सी. लाहोटी यांना मध्यस्थ म्हणून नेमले होते. नोएडाच्या प्रकरणातही अटकेनंतर असेच घडले. अनेक सभासद कंपनीची बाजू घेऊन पुढे आले.

असे का होते, हे समजले की अशा योजनांची नाडी सापडते.

पहिला हप्ता मिळतो, म्हणूनच माणूस फसतो

फसवणूक म्हटली की पैसे घेऊन पळून जाणारा माणूस आपल्या डोळ्यांपुढे येतो. इथे तसे होत नाही. इथे सुरुवातीला पैसे खरोखर मिळतात. ते खात्यात जमा होतात, पासबुकात दिसतात. आणि हाच खरा सापळा असतो.

समजा, लक्ष्मीनगरमधल्या एका वहिनींनी पाच हजार भरले आणि दोन महिन्यांत ते परत मिळाले. आता त्यांच्या मनातली शंका गेली. त्या आणखी पन्नास हजार भरतात. शिवाय भिशीतल्या मैत्रिणींना सांगतात, हळदीकुंकवाला आलेल्या शेजारणींना सांगतात, गावाकडे जाऊबाईंना फोन करतात. ‘अगं, मला मिळाले ना! हे बघ पासबुक.’ वहिनी खोटे बोलत नाहीत. त्यांना खरेच मिळाले आहेत. म्हणूनच जाऊबाईंचा विश्वास बसतो. कंपनीने लाखो रुपये जाहिरातीवर खर्च केले असते, तरी वहिनींच्या एका फोनइतका परिणाम झाला नसता.

पुढे काय होते, ते साध्या गणिताने कळते. प्रत्येक सभासदाने दोन नवे आणायचे असतील, तर एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. दहाव्या पायरीला १,०२४ नवी माणसे लागतात. विसाव्या पायरीला साडेदहा लाख लागतात. तिसाव्या पायरीला एकशे सात कोटी! एवढी माणसे आणायची कुठून? म्हणजे साखळी कधीतरी तुटणारच. आणि ती तुटते तेव्हा सर्वांत जास्त माणसे शेवटच्या पायऱ्यांवर असतात. त्यांना काहीच मिळालेले नसते.

त्या शेवटच्या पायरीवर वहिनींच्या जाऊबाई असतात. पैसे कंपनीने घेतले, पण सणासुदीला तोंड दाखवायचे असते वहिनींनी. ‘तुमच्या सांगण्यावरून भरले होते,’ हे वाक्य कायमचे मध्ये येते. बुडालेले पन्नास हजार काही वर्षांत भरून निघतील. दोन जावांमध्ये पडलेला दुरावा भरून निघेलच, असे सांगता येत नाही.

शिवाय कायद्याचीही बाजू आहे. १९७८ च्या प्राइझ चिट्स आणि मनी सर्क्युलेशन स्कीम्स बंदी कायद्याने अशी साखळी चालवणेच नव्हे, तर तिचे सभासद होणे आणि तिच्यात भाग घेणेही निषिद्ध ठरवले आहे. डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या थेट विक्रीच्या नियमांनीही पिरॅमिड योजनांना मनाई केली आहे. ‘मी फक्त मैत्रिणीला सांगितले,’ हा बचाव प्रत्येक वेळी उपयोगी पडेल, असे समजू नका.

तोच सापळा, नवे रूप

मोठे ऑफिस, मोठे समारंभ आणि लाखो सभासद असलेल्या कंपन्या पोलिसांच्या नजरेत भरतात. म्हणून हल्लीच्या ठगांनी ऑफिसच ठेवलेले नाही. त्यांचे चार प्रकार ओळखून ठेवा.

लाइक आणि रेटिंगचे काम: व्हॉट्सअॅपवर अनोळखी नंबरवरून निरोप येतो. व्हिडिओला लाइक द्या किंवा एखाद्या हॉटेलला पाच तारे द्या, प्रत्येकी पन्नास रुपये मिळतील. तीन व्हिडिओंचे दीडशे रुपये खरेच येतात. मग तुम्हाला टेलिग्रामच्या एका ग्रुपवर घेतले जाते. तिथे रोज कुणीतरी ‘मला आज आठ हजार मिळाले’ म्हणून फोटो टाकत असते. ही माणसे त्याच टोळीतली असतात. नंतर ‘आगाऊ पैसे भरून करायचे काम’ सुरू होते. हजार भरा, तेराशे घ्या. हेही मिळतात. मग पाच हजार, मग तीस हजार. आता पैसे खात्यात येत नाहीत, त्यांच्या वेबसाइटवर फक्त आकडा वाढलेला दिसतो. काढायला गेलात की ‘तुमच्याकडून चूक झाली, त्यामुळे सगळ्या ग्रुपचे पैसे अडकले,’ असे सांगितले जाते. चूक सुधारण्यासाठी आणखी पन्नास हजार भरायला सांगतात. त्यानंतर कर भरायला सांगतात. माणूस आधीचे सोडवण्यासाठी पुढचे भरत जातो.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने अशा अर्धवेळ कामाच्या आणि गुंतवणुकीच्या नावाने फसवणाऱ्या शंभराहून अधिक वेबसाइट बंद केल्या. त्या परदेशातून चालवल्या जात होत्या आणि पैसे फिरवण्यासाठी भाड्याच्या बँक खात्यांचा वापर होत होता, असे सरकारने तेव्हा सांगितले.

डेटा एंट्रीचे काम: पाच दिवसांत इतकी पाने टाइप करून द्या, वीस हजार मिळतील, असे सांगतात. सुरुवातीला पैसे मागत नाहीत, फक्त करारावर सही घेतात. सोबत आधार आणि पॅनची प्रत मागतात. काम पूर्ण करून दिले की, ‘तुमच्या कामात चुका फार आहेत, कराराचा भंग झाला, नुकसानभरपाई द्या,’ असा निरोप येतो. मग वकिलाच्या नावाची नोटीस येते, त्यावर न्यायालयाचा खोटा शिक्काही असतो. अटकेच्या भीतीने मुलीबाळी पाच-दहा हजार भरून मोकळ्या होतात. लक्षात ठेवा, टायपिंगमधल्या चुकांसाठी कुणालाही अटक करवण्याचा अधिकार खासगी कंपनीला नाही. नोटीस आली तर पैसे भरू नका. ती ओळखीच्या वकिलाला दाखवा आणि पोलिसांत तक्रार करा.

खाते वापरू देण्याचे काम: हे सर्वांत धोक्याचे आहे. तुमच्या खात्यात पैसे येतील, दोन टक्के ठेवून उरलेले पुढे पाठवा, असे सांगतात. कधी नवे खाते उघडून पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम कार्ड मागून घेतात. हे पैसे दुसऱ्या कुणा फसलेल्या माणसाचे असतात. पोलिस माग काढत सर्वांत आधी तुमच्याच दारी येतात. खाते गोठते ते वेगळेच. यात तुम्ही फसलेल्या नसता, आरोपी ठरू शकता.

यंत्र आणि माल परत घेण्याचे काम: हा प्रकार जुना आहे. अगरबत्तीचे, मेणबत्तीचे किंवा कागदी प्लेट बनवण्याचे यंत्र आमच्याकडून घ्या, कच्चा माल आम्ही देऊ, तयार माल आम्हीच विकत घेऊ, असे सांगितले जाते. यंत्र बाजारभावापेक्षा बऱ्याच जास्त किमतीला गळ्यात मारले जाते. पहिला माल उचलतात. दुसऱ्या खेपेला ‘दर्जा बरोबर नाही’ म्हणून परत करतात. यंत्र पलंगाखाली जाते. पेन्सिली डब्यात भरण्याच्या कामासाठी ‘ओळखपत्राची फी’ मागणारे याच जातीचे.

खरे काम कसे असते?

मग घरी बसून काम मिळतच नाही का? मिळते. आपल्या महाराष्ट्रातच त्याचे सर्वांत सुंदर उदाहरण आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तोच पुढे ‘लिज्जत पापड’ झाला. तिथली पद्धत पाहा. संस्था मळलेले पीठ देते, बहिणी ते घरी नेऊन पापड लाटतात, लाटलेले पापड संस्था वजन करून घेते आणि मजुरी देते. पापड बाजारात जातो, गिऱ्हाईक तो विकत घेऊन खाते. म्हणजे पैसा गिऱ्हाइकाच्या खिशातून येतो. नवी बहीण आली नाही तरी जुनीची मजुरी थांबत नाही.

हीच कसोटी प्रत्येक कामाला लावा. डबे पोहोचवणाऱ्या बाईंचे पैसे डबा खाणारा देतो. शिकवणी घेणाऱ्या ताईंचे पैसे मुलांचे पालक देतात. ब्लाउज शिवणारीला, भाषांतर करणारीला, हिशेब लिहून देणारीला कोण पैसे देते, ते स्पष्ट दिसते. दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या मराठी गृहिणी दिल्लीतही आहेत. त्यांना महिन्याला तीस हजारांची हमी कुणी दिलेली नसते. चकली बिघडली तर गिऱ्हाईक बोलते आणि चांगली झाली तर पुढच्या वर्षी पुन्हा येते. अशी कमाई हळू वाढते, पण ती आपली असते.

‘सोशल ट्रेड’च्या क्लिकला अशी कसोटी लावली असती, तर उत्तर मिळाले नसते. एका गृहिणीने डोळे मिटून केलेल्या क्लिकसाठी कुठला व्यापारी पाच रुपये देईल?

हो म्हणण्यापूर्वी

• कामासाठी नोंदणी, प्रशिक्षण, सामान, ओळखपत्र किंवा अनामत अशा कोणत्याही नावाने पैसे मागितले, तर तिथेच नकार द्या.

• ‘हे पैसे मुळात कोणाच्या खिशातून येतात?’ हा प्रश्न सरळ विचारा. उत्तर गोलमाल असेल किंवा ‘आणखी दोन माणसे आणा’ असे असेल, तर ती साखळी समजा.

• कंपनी नोंदलेली आहे, तिचा जीएसटी क्रमांक आहे, एवढ्यावर विसंबू नका. नोंदणी म्हणजे प्रामाणिकपणाचा दाखला नव्हे.

• मोठ्या कंपनीचे नाव सांगत असतील, तर त्या कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा फोन नंबर शोधून तिथे विचारा. निरोपात आलेल्या नंबरवर विचारू नका.

• पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन लागत नाही. ‘पैसे पाठवतो, पिन टाका,’ असे म्हणणारा तुमचे पैसे काढून घेत असतो.

• कंपनीच्या नावाऐवजी कुणा व्यक्तीच्या किंवा दर वेळी वेगळ्या खात्यात पैसे भरायला सांगितले, तर सावध व्हा.

• ‘आज रात्रीपर्यंतच संधी आहे’ असे म्हटले, तर मुद्दाम दोन दिवस थांबा. खरे काम दोन दिवसांत पळून जात नाही.

• घरात सांगितल्याशिवाय एक रुपयाही भरू नका. ‘नवऱ्याला सरप्राइज द्या, आत्ताच सांगू नका,’ असा सल्ला देणारी व्यक्ती तुमची हितचिंतक नाही.

फसवणूक झालीच तर

पहिला तास फार मोलाचा असतो. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वेगाने पळवले जातात. तक्रार लवकर झाली, तर ते मध्येच अडवता येण्याची शक्यता असते. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी वेबसाइटवरही तक्रार करता येते. तिचा क्रमांक लिहून ठेवा. आपल्या बँकेलाही त्याच वेळी कळवा.

राजधानीच्या परिसरात राहणाऱ्यांना एक अडचण नेहमी येते. राहायचे दिल्लीत, पैसे भरले गुडगावातून, कंपनीचा पत्ता नोएडाचा. तीन राज्ये, तीन पोलिस दले. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असे ऐकून लोक परत फिरतात. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्ह्याची खबर कोणत्याही हद्दीतल्या पोलिस ठाण्यात देता येते. ती ‘झिरो एफआयआर’ म्हणून नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवली जाते. मे २०२५ मध्ये दिल्लीत याहून पुढचे पाऊल टाकले गेले. दहा लाखांहून मोठ्या सायबर फसवणुकीची तक्रार १९३० वर किंवा वेबसाइटवर केली की तिचे आपोआप एफआयआरमध्ये रूपांतर करण्याचा प्रयोग सुरू झाला.

व्हॉट्सअॅपवरचे निरोप, टेलिग्रामचा ग्रुप, पैसे भरल्याच्या पावत्या यांतले काहीही पुसू नका. रागाने ग्रुप सोडण्याआधी त्याचे फोटो काढून ठेवा. पॅन आणि आधारच्या प्रती दिल्या असतील, तर आपल्या नावावर कुणी कर्ज काढले नाही ना, ते पाहा. कर्जाचा हा अहवाल पत मोजणाऱ्या प्रत्येक संस्थेकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. बेकायदा ठेवी किंवा पैसे गोळा करणाऱ्या योजनेबद्दल रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ या वेबसाइटवरही कळवता येते.

आणखी एक धोका. फसलेल्यांची यादीही विकली जाते. काही दिवसांनी ‘तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो, थोडी फी भरा’ असा फोन येतो. ती दुसरी फसवणूक असते.

घरच्यांनी काय करावे?

या सगळ्या प्रकारांत ठगांचा सर्वांत मोठा मदतनीस कोण असेल, तर लाज. पाच हजार गेले तेव्हाच घरात सांगितले असते, तर पुढचे दोन लाख वाचले असते, असे अनेकदा होते. पण ‘हे काय म्हणतील, सासूबाई काय म्हणतील’ या भीतीने गृहिणी गप्प राहते आणि गेलेले परत मिळवण्यासाठी दागिने मोडते, मैत्रिणीकडून उसने घेते. निवृत्त वडील मुलांना सांगत नाहीत. कॉलेजमधला मुलगा बापाला सांगत नाही.

म्हणून नवऱ्याने, मुलांनी, सासूसासऱ्यांनी एक गोष्ट पक्की करावी. घरात कुणी ‘माझी फसवणूक झाली’ असे सांगितले, तर पहिले वाक्य ‘तुला एवढेही कळले नाही?’ असे नसावे. ‘आधी १९३० ला फोन करू या,’ असे असावे. ज्या योजनेत लाखो शिकलेले लोक फसले, तिथे आपल्या घरातले एक माणूस फसले, यात नवल नाही.

आणि ज्या गृहिणींना खरोखर काही करायचे आहे, त्यांनी नाउमेद होऊ नये. आपल्या हातात काय कला आहे, आपल्या इमारतीत कुणाला कशाची गरज आहे, याचा विचार करावा. पहिल्या महिन्यात हजारच रुपये मिळतील. पण ते देणारे गिऱ्हाईक तुमच्या ओळखीचे असेल आणि त्या हजारासाठी कुणा जाऊबाईंचे पैसे बुडालेले नसतील.